बाळाचं नाव: मतं कुणाची घ्यायची, कधी घ्यायची आणि किती मोजायची

मी बडोद्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात प्रवेशाचं काम बघते. बालवाडीचा फॉर्म भरायला आलेले आईबाप समोर बसतात आणि "मुलाचं नाव?" या पहिल्याच प्रश्नाला दरवर्षी दोन-तीन जोडपी एकमेकांकडे बघतात. दाखल्यावर एक नाव असतं, घरी दुसरं, आजोळी तिसरं. एका आईने मला हळूच सांगितलं, "दाखल्यावरचं नाव सासूबाईंनी ठरवलं. मी त्या नावाने तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही." मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि फॉर्मवर तिचं नाव लिहिताना आईचा हात अडखळत होता.

नावावर चर्चा कमी होते असं नाही. उलट महिनोन्महिने होते, पण उलट्या क्रमाने होते. आधी गुरुजींकडून अक्षर येतं, मग मोबाईलवरच्या याद्या, मग घरच्या ग्रुपवर मतदान, मग बारशाच्या दोन दिवस आधी रुसवेफुगवे, आणि या सगळ्यात दवाखान्यातल्या कागदावर घाईघाईने काहीतरी लिहिलेलं असतं. खाली जो क्रम दिला आहे तो आमच्या घरातल्या चार बाळांच्या वेळी आम्ही पाळला आहे. क्रम मोडू नका एवढीच विनंती. पायऱ्या लहान-मोठ्या आहेत, पण एकीवर दुसरी उभी आहे.

सुरुवात करण्याआधी

सातव्या-आठव्या महिन्यात, डोहाळजेवणाची गडबड ओसरली की बसा. बारशाला बारा दिवसच असतात आणि त्यातले पहिले पाच-सहा दिवस बाळंतिणीला झोपही पुरत नाही, तेव्हा ही चर्चा त्या दिवसांसाठी ठेवू नका.

एक साधी वही घ्या, मोबाईलवरची टिपणं नकोत. वही दोघांच्या हातात येते आणि खोडलेलं नावही त्यात दिसत राहतं. मुलाची आणि मुलीची अशा दोन याद्या करा. "आम्हाला वाटतंय मुलगाच होणार" म्हणून एकच यादी करणारी घरं मी पाहिली आहेत. मग मुलगी झाल्यावर दहा दिवसांत उरकलेलं नाव तिला जन्मभर मिळतं. तिच्यासाठीही तितकाच वेळ काढा.

१. शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरवा

हे नावं सुचण्याच्याही आधी ठरायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: शेवटचा शब्द आई आणि वडील या दोघांचा, आणि दोघांचा मिळून. एकाचा ठाम नकार असेल तर ते नाव गेलं. आजी-आजोबा, आत्या, मामा, मावशी यांनी सुचवायचं आणि आठवण सांगायची. मत मोजायचं ते दोघांचं.

हे बोलून दाखवायला जड जातं. पण आधी सांगितलं तर कुणाला लागत नाही, आणि नंतर सांगितलं तर प्रत्येकाला वाटतं की माझं नाव नको म्हणून आता नियम काढला. मुलाने आपल्या आईवडिलांना सांगावं, मुलीने आपल्या. सुनेच्या तोंडून सासरी हा निरोप जाऊ देऊ नका.

आत्याचा मान वेगळा आहे. पाळण्यात नाव ठेवायचा, बाळाच्या कानात कुर्र करायचा हक्क तिचाच. घरात एखादी गुजराती सून किंवा जावई असेल तर तिकडेही फोईच नाव पाडते, त्यामुळे दोन्हीकडच्या बायका या बाबतीत सारख्याच हक्काने येतात. कानात नाव सांगायचा मान आणि नाव ठरवायचा अधिकार यांची गल्लत करू नका. आत्याला पहिल्याच दिवशी सांगा, "कानात तूच सांगायचंस. आम्ही पाच नावं काढतो, त्यावर तुझं मत सगळ्यांत आधी घेतो." बहुतेक आत्यांचं एवढ्यावर समाधान होतं.

> तपासा: "आपल्या दोघांचं जमलं नाही तर काय करायचं?" याचं उत्तर दोघांकडे आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. आमच्या भावाने आणि वहिनीने ठरवलं होतं की पहिल्या बाळाचं नाव ती निवडेल आणि दुसऱ्याचं तो.

२. राशीचा प्रश्न मोकळा करा

मराठी घरांत पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायची पद्धत जुनी आहे. जन्मनाव पत्रिकेत आणि धार्मिक कार्यात, बाकी सगळीकडे व्यवहारातलं नाव. गुजराती घरांत मात्र राशीच्या अक्षरावरूनच रोजचं नाव ठेवणारे खूप आहेत. त्यामुळे पोळीत (इथल्या जुन्या गल्लीवस्तीत), सोसायटीत बाळाची बातमी कळली की पहिला प्रश्न येतो, "राशी शुं आवी?" म्हणजे रास कोणती आली? बडोद्यातल्या मराठी तरुण जोडप्यांना मग वाटू लागतं की आपणही अक्षर धरूनच नाव ठेवायला हवं.

धरायचं असेल तर अवश्य धरा, पण आधी ठरवा. इथे प्रचलित असलेल्या यादीत कर्क राशीला ड आणि ह ही दोनच अक्षरं आहेत. ड वरून नावं जवळजवळ नाहीतच, म्हणून कर्केची मुलं बहुतेक ह ची होतात: हर्ष, हेत, हिरल, हेत्वी. मिथुनेला क, छ, घ. नक्षत्राच्या चरणाप्रमाणे गेलात तर सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे १०८ चरण होतात आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला ङ, ण, ञ अशी अक्षरं येतात, ज्यांवरून नाव सापडतच नाही.

महिनाभर मनात धरलेलं नाव जन्मानंतर अक्षरात बसलं नाही म्हणून सोडावं लागलं, तर ती हळहळ बराच काळ राहते. "अक्षर पाळणार की नाही" याचं उत्तर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाळणार असाल तर पुढच्या पायऱ्या जन्मानंतर पटापट कराव्या लागतील. ते जमतं, फक्त तयारी असायला हवी.

३. यादी पाचवर आणा, मग मतं विचारा

दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकी दहा नावं लिहायची आणि मग याद्या बदलायच्या. समोरच्याच्या यादीतली जी नावं तुम्हाला अजिबात चालणार नाहीत त्यांवर काट मारा, कारण देऊ नका आणि मागूही नका. दोन रात्री जाऊ द्या. उरलेल्यांतून मिळून पाच काढा.

या पाचांचा अर्थ आता तपासा. मोबाईलवरच्या याद्यांवर भरवसा ठेवू नका. तिथे अनोळखी वाटणाऱ्या कुठल्याही नावापुढे "विष्णूचं नाव" किंवा "देवीचं नाव" असं लिहिलेलं असतं. मराठी-संस्कृत शब्दासाठी मोल्सवर्थचा किंवा आपट्यांचा कोश बघा, गुजरातीसाठी सार्थ जोडणीकोश किंवा भगवद्गोमंडल. यांतले बहुतेक आता मोबाईलवर उघडतात. कोशात शब्द नाही म्हणून नाव वाईट ठरत नाही, पण मग लोकांना अर्थ सांगताना खोटा सांगू नका. "आम्हाला नाद आवडला" हे पुरेसं उत्तर आहे.

आता मतं. इथे सगळ्यांत मोठी चूक होते ती प्रश्नाची. आपण विचारतो, "रेवा कसं वाटतं?" याचं उत्तर "छान" किंवा "शी!" एवढंच येतं आणि दोन्हींतून काही कळत नाही. त्याऐवजी विचारा:

"हे नाव ऐकल्यावर पहिल्यांदा कोण डोळ्यांसमोर येतं?"

नाव आवडत नाही असं माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मागे बहुधा कुणीतरी असतं: वर्गातली मुलगी, मारकुटे मास्तर, भाऊबंदकीतला चुलता, मोडलेलं लग्न. आवडीनिवडीवर वाद घालता येत नाही. आठवणीबद्दल विचारता येतं, आणि विचारल्यावर ती किती मोठी आहे हे सांगणाऱ्यालाही कळतं.

> थांबा: हा प्रश्न ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर पहिला बोलतो त्याच्यामागे बाकीचे जातात, आणि जिला खरंच काही सांगायचं असतं ती अंगठा दाखवून गप्प बसते. एकेकाला, वेगवेगळं, समोर बसून किंवा फोनवर विचारा. सहा-सात माणसं पुरे.

४. आठवणी वेगळ्या करा

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. मिळालेलं प्रत्येक उत्तर वहीत नावासमोर लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. मग एकेक बघा. सगळ्या आठवणींचं वजन सारखं नसतं आणि सगळ्या टिकतही नाहीत.

*ओळखीच्या माणसाची आठवण.* ही सगळ्यांत जास्त वेळा पुढे येते आणि सगळ्यांत लवकर विरते. मला 'निखिल' हे नाव चालत नसे. शाळेत त्या नावाच्या मुलाने मला वर्षभर छळलं होतं. माझ्या मामेबहिणीने मुलाचं नाव निखिल ठेवायचं म्हटलं तेव्हा मी जीव तोडून विरोध केला. तिने तरीही ठेवलं, आणि बरं केलं. बाळ रांगायला लागलं तोवर 'निखिल' म्हटलं की मला त्याचेच दोन दात दिसायला लागले होते. शाळेतल्या त्या मुलाचा चेहरा आता आठवायला लागतो. बाळ आपलं नाव स्वतःच्या ताब्यात घेतं. म्हणून अशी आठवण दूरच्या माणसाची असेल तर ऐकून घ्या आणि पुढे जा. मात्र ती आईची किंवा वडिलांची असेल आणि खरोखर दुखरी असेल, तर तिला मान द्या. दिवसातून पन्नास वेळा ते नाव त्यांनाच घ्यायचं आहे.

*पडद्यावरची आठवण.* मालिकेतली खलनायिका, गाजलेल्या सिनेमातला नायक. "अगं ती बाई कसली कपटी आहे!" असं आजी म्हणतात. मालिका संपते, नाव राहतं. एवढंच बघा की या घडीला त्याच नावाचा सुळसुळाट तर नाही. वर्गात एकाच नावाची तीन मुलं असली की बाई त्यांना आडनावाच्या आद्याक्षराने बोलावतात, आणि मुलाला बालवाडीतच आपलं नाव अपुरं वाटायला लागतं.

*काळाची आठवण.* "हे म्हातारं नाव आहे" किंवा "हे फारच नवं वाटतं". ही गावोगावी बदलते. पुण्याच्या वहिनींना रेवा हे नाव ताजं, सुटसुटीत वाटतं. बडोद्यात, नर्मदेच्या म्हणजेच रेवेच्या इतक्या जवळ, रेवाबेन आणि रेवाबा प्रत्येक पोळीत होऊन गेल्या आहेत. दोघींचंही खरं आहे. तुमचं बाळ कुठे वाढणार ते बघा आणि तिथल्या कानांना थोडं जास्त वजन द्या. तरी माझ्या मते जुनेपणा हा दोष नाही, आजीच्या पिढीतलं नाव नातीला शोभूनच दिसतं.

*गावाची आठवण.* बडोद्यात ही खास आहे. मुलाचं नाव सयाजी ठेवायची इच्छा अनेक मराठा घरांत असते आणि ती मला फार चांगली वाटते. पण या गावात सयाजी म्हटलं की बाग, दवाखाना, विद्यापीठ, सयाजीगंज हे सगळं एकदम उभं राहतं. रिक्षावाल्यापासून शिक्षकांपर्यंत प्रत्येकजण त्यावर एकच वाक्य बोलणार. ते मुलाला अभिमानाने पेलता येईल असं घरातलं वातावरण असेल तर खुशाल ठेवा.

*घरातल्या दुःखाची आठवण.* इथे घाई करू नका.

भावाच्या मुलीच्या वेळी वहिनीच्या यादीत मुक्ता, रेवा आणि इंदू अशी नावं होती. दुपारी आई मेथी निवडत बसली होती आणि वहिनीने तिला यादी वाचून दाखवली. मुक्ता म्हटल्यावर आई हसली. इंदू म्हटल्यावर तिचे हात थांबले. हातातली एक काडी तिने दोनदा मोडली, मग तिचेही बारीक तुकडे केले, आणि म्हणाली, "छान आहे." वहिनीने वहीत इंदूसमोर बरोबरची खूण केली. रात्री मी आईजवळ बसले आणि तोच प्रश्न विचारला, डोळ्यांसमोर कोण आलं? तिची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. मला मावशी होती हेच मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

अशा वेळी "मग नकोच" असं परस्पर ठरवू नका, आणि "मग तर ठेवायलाच हवं, तिची आठवण राहील" असंही ठरवू नका. ज्याचं दुःख आहे त्यालाच विचारा. काहींना ते नाव घरात पुन्हा घुमावं असं वाटतं, काहींना ते सोसत नाही. आपल्या राजवाड्यात सयाजीराव तिसऱ्यांच्या पहिल्या राणी चिमणाबाई वारल्या आणि १८८५ साली दुसऱ्या लग्नानंतर देवासच्या गजराबाईंनाही चिमणाबाई हेच नाव दिलं गेलं. त्या काळी सुनेला कुणी विचारत नसे. आज विचारता येतं. आमची आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हाक मारताना दरवेळी मला तीच दिसेल. पाळण्यात एकदा म्हणा, रोज नको." मग नाव मुक्ता ठरलं, आणि बारशाला पाळण्यात कुलदेवीच्या नावानंतर इंदूही म्हटलं गेलं. ते म्हणायचा मान आईला दिला.

> तपासा: यादी ऐकताना जी व्यक्ती गप्प झाली, तिला एकटीला पुन्हा विचारलंत का? मोठ्याने बोलणाऱ्यांचं मत आपोआप पोचतं. गप्प बसणाऱ्यांचं जाऊन आणावं लागतं.

आजोबांचं नाव नातवाला द्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. अजूनही कित्येक घरांत सून सासऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाही. पूर्वी अशा मुलाला बाळ, अप्पा, भाऊ म्हणत आणि खरं नाव शाळेत जाईपर्यंत कुणाच्या तोंडी नसे. आईला हाक मारायला संकोच वाटणार असेल तर ते नाव दुसरं ठेवा, किंवा सासऱ्यांनीच समोर बसवून सांगावं, "पोरी, नाव घे. मला आवडेल."

५. बडोद्याच्या कानांनी ऐका

पुण्या-मुंबईच्या याद्यांत हे मिळणार नाही. आपली मुलं घरी मराठी आणि अंगणात गुजराती बोलतात. उरलेलं प्रत्येक नाव गुजराती शेजाऱ्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या आणि त्यांना काय ऐकू आलं ते विचारा. माझ्या टेबलावर आलेली ही काही नावं:

वीरा: आपण शूर मुलगी म्हणून ठेवतो. गुजरातीत वीरा म्हणजे भाऊ, बहीण भावाला प्रेमाने तशीच हाक मारते. राखीच्या दिवशी वर्गात काय होईल याची कल्पना करा. बडोद्यात राहणार असाल तर या नावाचा दोनदा विचार करा.

तारा: सुंदर नाव, पण गुजरातीत तारा म्हणजे 'तुझे' असंही होतं. "तारा चोपडा क्यां छे?" (तुझ्या वह्या कुठे आहेत?) असं बाईंनी कुणालाही विचारलं की तारा मान वर करणार. निरुपद्रवी आहे, ठेवा. फक्त आधी माहीत असू द्या.

सारा: गुजरातीत सारा म्हणजे चांगले. फायद्याचंच.

सई: मराठीत मैत्रीण. जुन्या गुजरातीत सई म्हणजे शिंपी, आणि नुसतं ऐकलं तर 'सही' वाटतं. पण खरा घोळ इंग्रजी अक्षरांत होतो. एस-ए-आय लिहिलं की सगळे साई वाचतात, आणि हजेरीत मुलगा शोधतात. शेवटी दोन आय लिहा किंवा दुसरा काही तोडगा काढा, पण तो पहिल्या कागदापासून एकच ठेवा.

प्रज्ञा, ज्ञानेश, यज्ञेश: ज्ञ चा उच्चार आपण द्न्य करतो, गुजराती ग्न करतात आणि हिंदीवाले ग्य. त्याप्रमाणे इंग्रजी स्पेलिंगही तीन. एका मुलीच्या दाखल्यावर गुजराती वळणाचं प्रग्ना आणि आधारवर मराठी वळणाचं प्रद्न्या असं मी स्वतः पाहिलं आहे. ते जुळवताना तिच्या वडिलांच्या किती खेपा झाल्या ते त्यांनाच ठाऊक. ज्ञ असलेलं नाव ठेवू नका असं मी म्हणणार नाही, मला ती नावं फार प्रिय आहेत. उच्चार आणि स्पेलिंग ठरवून मगच ठेवा.

ऋतुजा, ऋषी, मृण्मयी: इथे सोय आहे. मराठी आणि गुजराती दोघंही ऋ चा रु करतात. हिंदी भाषक शिक्षक रि करतील. आर नंतर यू की आय, हे तुम्ही ठरवा, शाळेवर सोडू नका.

आर्य आणि आर्या: इंग्रजीत दोन्ही एकच दिसतात. मुलगा की मुलगी हे प्रत्येक रांगेत सांगावं लागेल.

आणखी एक: या गावात तुमचं मूल मोठं झालं की भाई किंवा बेन होणारच. नावाला ते जोडून म्हणा. मुक्ताबेन, केदारभाई. कानाला चांगलं लागतं ना? आणि रागात, लाडात नावाचं काय होईल तेही म्हणून बघा. आपण सचिनचा सच्या करतो, गुजराती पोरं शेवटी 'ियो' किंवा 'लो' लावतात. जे नाव मोडल्यावर शिवी वाटेल ते नको.

६. तोंडाने आणि कागदावर चालवून बघा

आता दोन किंवा तीन नावं उरली असतील. प्रत्येक नाव तीन-तीन दिवस वापरा. पोटातल्या बाळाशी त्या नावाने बोला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारा. मधल्या मजल्यावरून खाली मैदानात मारावी लागते तशी लांब हाक मारून बघा. दोन अक्षरी नाव लांबवताना शेवटचा स्वर दीर्घ असेल तर हाक पोचते, नाहीतर तुटते.

कागदावर पूर्ण नाव दोन क्रमांनी लिहा: नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि आडनाव-नाव-वडिलांचं नाव. गुजरातमध्ये शाळेच्या कागदांवर दुसरा क्रम सर्रास चालतो. वडील नितीन आणि मुलगा जतीन असेल तर दोन्ही क्रमांत ते एकमेकांवर आपटतात. आद्याक्षरं जोडून काही भलतंच वाचलं जात नाही ना, तेही बघा. मोठं भावंड असेल तर दोन्ही नावं एका दमात म्हणा. आरव आणि आरवी अशी जोडी कौतुकाची वाटते, पण हाकेला दोघं येतात आणि फीच्या पावतीवर एकाचं दुसऱ्याच्या नावे पडतं.

७. निवडा आणि वही मिटा

दोघांनी चिठ्ठीवर आपापलं पहिलं आणि दुसरं नाव लिहायचं. पहिलं नाव जुळलं तर काम झालं. नाही जुळलं आणि एकाचं पहिलं ते दुसऱ्याचं दुसरं असेल, तर ते घ्या. दोन्ही चिठ्ठ्या पूर्ण वेगळ्या निघाल्या तर पहिल्या पायरीत जे ठरवलं होतं ते पाळा. नव्याने यादी काढायचा मोह होईल, तो आवरा. नवी यादी म्हणजे जुनाच वाद नव्या नावांनी.

मग बारशापर्यंत कुणाला सांगू नका. ठरलेलं नाव बाळाच्या आधी जाहीर केलं की प्रत्येकाला ते अजून बदलता येईल असं वाटतं. तेच नाव पाळण्यात झोपलेल्या बाळाला चिकटलेलं ऐकलं की नावं ठेवणारे नव्वद टक्के गप्प होतात. आत्याला मात्र बारशाच्या आदल्या रात्री सांगा, आणि कागदावर लिहून द्या. कानात कुर्र करताना पाठीवर थापा पडत असतात, गलका असतो, आणि त्यात मृण्मयीची मृणालिनी झालेली मी ऐकली आहे.

ज्यांचं सुचवलेलं नाव राहिलं, त्यांना बारशाआधी तुम्ही स्वतः भेटून किंवा फोन करून सांगा. बारशात अचानक कळलं की जखम होते. त्यांचं नाव पाळण्यातल्या नावांत घेता आलं तर घ्या.

८. नोंदणी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर दवाखानाच महापालिकेला कळवतो. इथे लक्ष द्या: त्या वेळी नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नंतर १२ महिन्यांपर्यंत शुल्काविना नाव घालता येतं, आणि त्यापुढे विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. "आत्ताच सांगा, नाहीतर अडचण होईल" असं कुणी काउंटरवरून म्हटलं तरी घाबरून अर्धवट ठरलेलं नाव लिहू नका. माझ्या चुलतबहिणीकडून एका दवाखान्यात असंच घाईत नाव लिहून घेतलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने, आणि ते सुधारायला तिला तान्हं बाळ घेऊन फिरावं लागलं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माच्या दाखल्याचं महत्त्व फार वाढलं आहे. शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो. पुढचा प्रत्येक कागद याच दाखल्यावरून उतरवला जाणार, म्हणून चूक इथेच पकडायला हवी.

> काउंटर सोडण्याआधी तपासा: आपला दाखला गुजराती आणि इंग्रजी अशा दोन लिप्यांत येतो. दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचा. गुजराती ओळ वाचता येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही मोठ्याने वाचायला सांगा. वडिलांच्या नावामागे किंवा आईच्या नावामागे 'भाई', 'बेन' आपोआप चढलेलं आहे का ते बघा. तुमच्या आधार कार्डावर ते नसेल तर तिथेच काढून घ्या.

दाखला हातात आला की स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. लसीकरणाचं कार्ड, आधार, बँकेचं खातं, बालवाडीचा फॉर्म, प्रत्येक वेळी त्या चिठ्ठीवरून बघूनच लिहा. आठवणीतून लिहू नका. माझ्यासमोर फॉर्म भरताना स्वतःच्या बाळाच्या नावात आय एक की दोन, यावर अडणारे आईबाप दर जूनमध्ये येतात, आणि मग घरी फोन लावून आजीला दाखला काढायला लावतात.